वेदनेच्या औषधासोबत उलटीचाही बंदोबस्त हवा

शस्त्रक्रिया होऊन वॉर्डात आलेला रुग्ण मध्यरात्री सिस्टरना सांगतो, ‘ते इंजेक्शन आता देऊ नका.’ तेव्हा त्याचे दुखणे थांबलेले नसते. टाक्यांवर हात धरून तो कूस बदलायलाही घाबरत असतो. पण संध्याकाळच्या इंजेक्शननंतर अर्ध्या तासात पोटात ढवळू लागले, तोंडाला पाणी सुटले आणि रिकाम्या पोटी उमासे येताना टाके ओढले गेले, हे त्याच्या पक्के लक्षात राहिलेले असते. दोन त्रासांपैकी एकच टाळता येणार असेल, तर तो उलटी टाळतो आणि वेदना सोसतो. यात हळवेपणा शोधू नये. स्टॅनफर्ड विद्यापीठातील भूलतज्ज्ञांनी १९९९ साली प्रसिद्ध केलेल्या एका पाहणीत रुग्णांना भुलीनंतरच्या दहा शक्यता देऊन, सर्वांत नकोशी कोणती, त्यानंतर कोणती, असा क्रम लावायला सांगितला होता. उलटी पहिली आली. घशातल्या नळीने गुदमरल्यासारखे होणे दुसरे, आणि जखमेचे दुखणे तिसरे. पुढे २००४ साली टी. जे. गॅन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रुग्णांची पसंती तपासली, तेव्हा मळमळ कमी होणार असेल तर वेदनाशमनाच्या काही भागावर पाणी सोडायला रुग्ण तयार असल्याचे दिसले. म्हणजे उलटीचा बंदोबस्त न करता दिलेले वेदनाशामक केसपेपरवर कितीही नेमके लिहिलेले असले, तरी ते रुग्णापर्यंत अर्धेच पोचते. म्हणून माझे म्हणणे असे, की शस्त्रक्रियेनंतरचे वेदनाशमन आणि उलटीचा प्रतिबंध या दोन वेगळ्या गोष्टी मानणे सोडून द्यावे. अफूवर्गातील वेदनाशामक लिहिणाऱ्या हाताने त्याच ओळीखाली मळमळीची योजनाही लिहावी, आणि ती रुग्ण टेबलावर जाण्यापूर्वी ठरलेली असावी.

हा त्रास किती जणांना होतो, हे चांगले ठाऊक आहे. भूल देऊन केलेल्या शस्त्रक्रियांनंतर साधारण तीस टक्के रुग्णांना उलटी होते आणि जवळजवळ निम्म्यांना मळमळ. जोखीम जास्त असलेल्यांत हे प्रमाण ऐंशी टक्क्यांपर्यंत जाते. यामागे दोन वेगळी कारणे दोन वेगळ्या वेळी काम करतात, आणि इथेच आपल्या व्यवस्थेची फट आहे. शस्त्रक्रिया संपल्यानंतरच्या पहिल्या दोनेक तासांत मुख्य दोषी असतात ते भुलीसाठी हुंगवलेले वायू. त्यांचा अंमल ओसरल्यावर सूत्रे वेदनाशामकांच्या हाती जातात. मॉर्फिन, फेंटानिल, ट्रॅमाडॉल ही औषधे मेंदूच्या तळाशी असलेल्या एका छोट्या भागाला चेतवतात. रक्तातील घातक द्रव्यांपासून मेंदूचे रक्षण करणारा पडदा या भागाभोवती नसतो. रक्तात काय आले आहे हे हुंगून शरीराला सावध करणे हेच त्याचे काम. शिवाय ही औषधे अंतर्कर्णातील तोल सांभाळणाऱ्या यंत्रणेला हळवे करतात, त्यामुळे रुग्णाला खाटेवरून उठवले किंवा ट्रॉली वळवली की ढवळून येते. जठर रिकामे होण्याचा वेगही ती मंदावतात. पहिल्या दोन तासांत भूलतज्ज्ञ जवळ असतो, रिकव्हरीत नजर असते, औषध हाताशी असते. दुसरी लाट रात्री वॉर्डात येते. तोवर बाहेरून बोलावलेला भूलतज्ज्ञ दुसऱ्या रुग्णालयात पुढच्या केसला उभा असतो. नातेवाईक सिस्टरना शोधायला जातो, सिस्टर ड्युटीवरच्या डॉक्टरांना फोन लावतात, डॉक्टर औषध सांगतात, ते स्टॉकमध्ये नसेल तर चिठ्ठी घेऊन नातेवाईक खाली मेडिकलमध्ये उतरतो. इंजेक्शन शिरेत जाईपर्यंत किडनी ट्रे दोनदा भरलेला असतो. केसपेपरवर ‘एसओएस’, म्हणजे गरज पडल्यास, असे लिहून ठेवण्याचा प्रत्यक्षातला अर्थ हा असा आहे.

गरज कोणाला पडणार, हे आधी ओळखता येते का? बऱ्याच अंशी येते. जर्मन भूलतज्ज्ञ ख्रिस्तियान आप्फेल यांनी १९९९ साली, जर्मनी आणि फिनलंडमधील रुग्णांच्या नोंदींवरून, चार प्रश्नांची एक साधी मोजपट्टी मांडली. रुग्ण स्त्री आहे का? धूम्रपान न करणारा आहे का? पूर्वी शस्त्रक्रियेनंतर उलट्या झाल्या होत्या का, किंवा प्रवासात गाडी लागते का? आणि शस्त्रक्रियेनंतर अफूवर्गातील वेदनाशामक द्यावे लागणार आहे का? प्रत्येक ‘हो’ला एक गुण. शून्य गुण असलेल्यांत त्रासाचे प्रमाण सुमारे १० टक्के, एकाला २१, दोनला ३९, तीनला ६१ आणि चारही असतील तर ७९ टक्के. त्यानंतर अनेक गुंतागुंतीची सूत्रे निघाली, पण भाकिताच्या अचूकतेत त्यांनी फारशी भर घातली नाही, म्हणून आजही जगभर हीच मोजपट्टी वापरली जाते. आता ही मोजपट्टी महाराष्ट्रातल्या रुग्णालयात लावून पाहा. भारतात २०१६-१७ साली झालेल्या प्रौढांच्या तंबाखू सर्वेक्षणानुसार धूम्रपान करणाऱ्या स्त्रियांचे प्रमाण दोन टक्के होते. मशेरी लावणाऱ्या बायका आपल्याकडे पुष्कळ आहेत, पण मोजपट्टीतला प्रश्न धुराचा आहे. म्हणजे दुर्बिणीतून पित्ताशय काढायला किंवा गर्भाशयाची पिशवी काढायला दाखल झालेली जवळपास प्रत्येक बाई दोन गुण घेऊनच येते. तिला रात्री ट्रॅमाडॉल लिहिले की तीन झाले. आंबा घाट किंवा वरंधा घाट उतरताना एसटीच्या खिडकीशी जागा मागणारी ती असेल, तर चार. हा शेवटचा प्रश्न विचारायला वैद्यकीय शिक्षण लागत नाही. रुग्णाला त्याचे उत्तर चटकन देता येते, आणि सोबत आलेल्या बहिणीलाही ते ठाऊक असते. असे असताना दहापैकी सहा-आठ जणींना होणारा त्रास ‘झालाच तर बघू’ या सदरात टाकणे मला वैद्यकीय तर्काला सोडून वाटते. इतकी जोखीम संसर्गाची असती, तर प्रतिजैविकाचा डोस कोणी उलटीच्या औषधासारखा वाट पाहून दिला नसता.

प्रतिबंध खरोखर होतो का, या प्रश्नाचे सर्वांत भक्कम उत्तर २००४ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आले. आप्फेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाच हजारांहून अधिक, जोखीम जास्त असलेल्या रुग्णांवर सहा उपायांची वेगवेगळी मिश्रणे तपासली. ओंडान्सेट्रॉन, डेक्सामेथासोन आणि ड्रॉपेरिडॉल या तीन औषधांपैकी प्रत्येकाने जोखीम साधारण २६ टक्क्यांनी कमी केली. हुंगवण्याच्या वायूऐवजी शिरेतून प्रोपोफॉल देऊन भूल राखली, तर १९ टक्क्यांनी. नायट्रस ऑक्साइड टाळला तर १२ टक्क्यांनी. महत्त्वाचे हे, की हे उपाय एकमेकांच्या आड आले नाहीत. प्रत्येकाने आपापला वाटा उचलला. याचा हिशेब नीट मांडावा, कारण सगळा युक्तिवाद त्यावर उभा आहे. सुरुवातीची जोखीम ६० टक्के असेल तर पहिले औषध ती सुमारे ४४ वर आणते, दुसरे सुमारे ३३ वर. शंभर रुग्णांमागे सत्तावीस जणांची सुटका. पण सुरुवातच १० टक्क्यांवर असेल, तर तेच पहिले औषध शंभरात दोन-तीन जणांच्याच उपयोगी पडते आणि दुसऱ्याचा लाभ त्याहूनही कमी. म्हणून सरसकट सगळ्यांना सगळे द्या असे कोणी म्हणू नये. तसेच, जोखीम मोठी असलेल्या बाईला एकच इंजेक्शन देऊन कर्तव्य संपले असेही मानू नये. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या चौथ्या आंतरराष्ट्रीय सहमती-मार्गदर्शिकेने हेच सूत्र धरले आहे: एक-दोन जोखीम-घटक असतील तर दोन उपाय, त्याहून जास्त असतील तर तीन-चार, आणि तेही वेगवेगळ्या मार्गांनी काम करणारे.

आपल्याकडे प्रतिबंध म्हणजे शस्त्रक्रिया संपताना ओंडान्सेट्रॉनचे एक इंजेक्शन, आणि वॉर्डात उलटी झाली की पुन्हा तेच, अशी सवय सर्रास दिसते. त्यातला पहिला भाग ठीक आहे. चार मिलिग्रॅमचा हा डोस शेवटी देणेच योग्य. पण त्या औषधाने अडवायची ती वाट अडवलेली असताना काही तासांत उलटी होते, तेव्हा त्रास दुसऱ्या वाटेने आलेला असतो. तेच औषध पुन्हा दिल्याने फारसा फायदा होत नाही, हे १९९९ सालापासून माहीत आहे. सहा तासांच्या आत बचावाचे औषध द्यायची वेळ आली, तर ते वेगळ्या वर्गातले असावे, असे मार्गदर्शिका स्पष्ट सांगते. डेक्सामेथासोनची वेळ याच्या उलट आहे. त्याचा परिणाम सावकाश चढतो, म्हणून ते सुरुवातीला द्यायचे, आणि रुग्ण झोपल्यावर द्यायचे, कारण जाग्या माणसाला ते शिरेतून झटकन दिले की जांघेत आणि गुदद्वाराभोवती असह्य खाज सुटते. मेटोक्लोप्रमाइड आपल्या वॉर्डांत अजून हातासरशी दिले जाते. पण दहा मिलिग्रॅमचा जो रूढ डोस आहे, तो या कामासाठी कमकुवत आहे. आणि ट्रॅमाडॉलची गोष्ट तर वेगळी समजून घ्यायला हवी, कारण छोट्या रुग्णालयांत शस्त्रक्रियेनंतरच्या वेदनेचा मोठा भार तेच वाहते. हे औषध आपले काम काही प्रमाणात सेरोटोनिनच्या मार्गाने करते, आणि ओंडान्सेट्रॉन त्याच सेरोटोनिनचा एक दरवाजा बंद करते. दोन्ही सोबत दिली की पहिल्या काही तासांत रुग्णाला ट्रॅमाडॉल जास्त लागते, असे चाचण्यांत दिसले आहे. जास्त ट्रॅमाडॉल म्हणजे पुन्हा जास्त मळमळ. ट्रॅमाडॉल घाईने शिरेत ढकलले तर लगेच उलटी होते, सलाईनमधून सावकाश सोडले तर बरेच सुसह्य होते, एवढी साधी गोष्टही गडबडीच्या वॉर्डात पाळली जात नाही. हाडांच्या शस्त्रक्रियांनंतर ब्युप्रेनॉर्फिनची चिकटपट्टी लावण्याचा प्रघातही मला काळजीचा वाटतो: इंजेक्शन थांबवता येते, पण पट्टी काढल्यावरही कातडीत साठलेले औषध कित्येक तास रक्तात उतरत राहते, आणि तोवर रुग्ण ओकत राहतो. वेदनेचे औषध निवडतानाच उलटीचा विचार का करायला हवा, याचे यापेक्षा ठळक उदाहरण नाही.

इथे एक आक्षेप येतो, आणि तो गंभीर आहे. अफूवर्गातील औषधेच मळमळीचे मूळ असतील, तर ती बंद करावीत, आणखी औषधांचा ढीग कशाला रचायचा? यातला निम्मा भाग मला पूर्ण मान्य आहे. पॅरासिटामॉल ठरावीक वेळेला, दुखो वा न दुखो. मूत्रपिंड आणि जठर धड असेल तर सूज उतरवणारे वेदनाशामक. जखमेच्या कडांना किंवा पोटाच्या भिंतीतील नसांना बधिर करणारे इंजेक्शन. शक्य असेल तिथे पूर्ण भुलीऐवजी कमरेखालचा भाग बधिर करणे. हा पाया घातला की मॉर्फिन-ट्रॅमाडॉलची गरज घटते, आणि तिच्यासोबत मळमळही. पुरेसे सलाईन दिल्यानेही त्रास कमी होतो असे, अनेक चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र तपासणाऱ्या २०१९ सालच्या कोक्रेन आढाव्यात दिसले आहे. आपल्याकडे दुपारच्या शस्त्रक्रियेसाठी आदल्या रात्रीपासून रुग्णाला पाण्याचा थेंबही न देण्याची जी सक्ती असते, ती यामुळेच तपासून पाहायला हवी. जठराचा आजार किंवा अन्य अडचण नसलेल्या प्रौढाला भुलीपूर्वी दोन तासांपर्यंत साधे पाणी पिता येते, हे आता सर्वमान्य आहे. पण दुसरा निम्मा भाग, म्हणजे अफूवर्ग पूर्ण वर्ज्य करणे, मला पटत नाही. मोठ्या पोटाच्या शस्त्रक्रियेत, गुडघा बदलल्यावर, छाती उघडल्यावर पॅरासिटामॉल पुरत नाही. शिवाय ज्या देशात १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्याच्या धाकाने कर्करोगाच्या रुग्णांनाही दशकानुदशके मॉर्फिन मिळणे दुरापास्त झाले, त्या देशात ‘वेदना सोसा, उलटी टळेल’ हा सल्ला सहज रुजतो, आणि तो धोकादायक आहे. पोट दुखते म्हणून जो खोल श्वास घेत नाही, खोकत नाही, उठून चालत नाही, त्याच्या फुप्फुसांत कफ साठतो आणि पायांत गुठळ्या होतात. वेदनाशमन रुग्णाचा हक्क आहे, आणि त्याची किंमत उलटीत मोजायला लावू नये, एवढेच मागणे आहे.

दुसरा आक्षेप औषधांच्या दुष्परिणामांचा. डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड. साखर वाढेल, जखम भरायला वेळ लागेल, पू होईल, ही भीती शल्यविशारदांना आणि नातेवाइकांना सारखीच असते. ही भीती वर्षानुवर्षे तर्काच्या आधारावर उभी होती. ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी पुढाकार घेतलेल्या आणि २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीने तिची थेट परीक्षा घेतली. सुमारे ८,८०० रुग्ण, त्यांत मधुमेहीही होते. निम्म्यांना आठ मिलिग्रॅम डेक्सामेथासोन, निम्म्यांना औषधाविना इंजेक्शन. जखमेत संसर्ग झालेल्यांचे प्रमाण औषध घेतलेल्यांत ८.१ टक्के आणि न घेतलेल्यांत ९.१ टक्के निघाले. मळमळ-उलटीचे प्रमाण मात्र ५३.९ वरून ४२.२ टक्क्यांवर आले. त्याआधी, २०१७ साली, ब्रिटनमध्ये आतड्यांच्या शस्त्रक्रिया झालेल्या १,३५० रुग्णांवरच्या चाचणीतही पहिल्या चोवीस तासांतील उलट्या ३३ वरून २५.५ टक्क्यांवर उतरल्या होत्या. मधुमेह हाताबाहेर असलेल्या रुग्णाची साखर एक-दोन दिवस जास्त वेळा तपासावी लागेल, हे खरे. पण ती तशीही तपासायलाच हवी. ओंडान्सेट्रॉनमुळे हृदयाच्या विद्युत्-चक्रात फरक पडू शकतो, हेही खरे आहे. अमेरिकेच्या औषध नियामकाने २०१२ साली त्याचा ३२ मिलिग्रॅमचा एकवेळचा डोस याच कारणाने बंद करवला. शस्त्रक्रियेनंतरच्या उलटीसाठी दिला जाणारा डोस त्याच्या एक-अष्टमांश आहे. ज्याच्या ईसीजीत आधीपासून तसा दोष आहे, त्याला हे औषध टाळून दुसरे द्यावे. आधी विचार करून लिहिलेल्या योजनेत हे जमते, रात्री फोनवरून सांगितलेल्या औषधात जमत नाही. किमतीचा मुद्दा तर एका वाक्यात संपतो: दोन्ही औषधे देशाच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहेत, आणि काही रुपयांत मिळतात.

तिसरी शंका अभ्यासू वाचकाच्या मनात येईल, आणि ती टाळून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. शस्त्रक्रियेनंतरच्या उलटीवरील संशोधनाच्या याच क्षेत्रात वैद्यकाच्या इतिहासातील एक मोठी लबाडी घडली. जपानचे भूलतज्ज्ञ योशिताका फुजी यांनी ग्रॅनिसेट्रॉन आणि तत्सम औषधांवर शोधनिबंधांचा पाऊस पाडला होता. २००० सालीच आप्फेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जाहीर पत्र लिहून विचारले, की या निबंधांत प्रत्येक गटातील डोकेदुखीचे आकडे इतके तंतोतंत सारखे कसे? पण त्याची दखल घ्यायला बारा वर्षे लागली. ब्रिटिश भूलतज्ज्ञ जॉन कार्लाइल यांनी २०१२ साली संख्याशास्त्राने दाखवून दिले, की असे आकडे निव्वळ योगायोगाने येणे अशक्यप्राय आहे, आणि त्याच वर्षी जपानी भूलतज्ज्ञ संघटनेच्या चौकशीत फुजी यांचे १७२ निबंध बनावट ठरले. मग या विषयातल्या पुराव्यावर विश्वास का ठेवावा? कारण त्यानंतर चाळणी लागली आहे. २०२० सालच्या कोक्रेन आढाव्यात ५८५ चाचण्या आणि ९७ हजारांहून अधिक रुग्ण तपासले गेले, आणि ओंडान्सेट्रॉन, डेक्सामेथासोन, ॲप्रेपिटंट ही औषधे त्या कसोटीला उतरली. वर ज्या मोठ्या चाचण्यांचा आधार घेतला, त्यांचा फुजी यांच्याशी संबंध नाही. हा प्रकार उघडकीला आणणारे लोक याच विषयातले होते, ही गोष्ट मला आश्वासक वाटते. याच कठोर नजरेने पाहिले तर आल्याचा पुरावा डळमळीत दिसतो, आणि मनगटाच्या आतल्या बाजूला, घडीपासून तीन बोटांवर, दोन कंडरांमध्ये दाब देण्याच्या उपायाला बरा आधार मिळतो. तो उपाय निरुपद्रवी आहे आणि नातेवाइकाला करता येतो. औषधाची जागा मात्र तो घेणार नाही.

सर्वांत अवघड आक्षेप मला व्यवहाराचा वाटतो: मोजपट्टी हाती दिली म्हणून डॉक्टर बदलतात का? नेदरलँड्समध्ये उत्रेख्तच्या रुग्णालयात हेच करून पाहिले. भूलतज्ज्ञांच्या पडद्यावर प्रत्येक रुग्णाची जोखीम आपोआप दिसू लागली. त्यांनी औषधे जरा जास्त दिली, पण मळमळीचे एकूण प्रमाण काही हलले नाही. २०१४ साली हा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. नंतर आकड्यासोबत, या रुग्णाला काय द्यावे, ही शिफारसही दाखवली, तेव्हा जास्त जोखमीच्या रुग्णांत फरक दिसला. यातून मी असा अर्थ काढतो, की नुसती जाणीव पुरत नाही, ती आदेशात उतरायला हवी. आपल्याकडे भूलपूर्व तपासणीचा छापील फॉर्म बहुतेक रुग्णालयांत असतो, आणि मानांकन घेतलेल्या रुग्णालयांना तर तो भरून ठेवावाच लागतो. दात हलतात का, दमा आहे का, मागचे जेवण कधी झाले, हे त्यात विचारतात. त्यात चार चौकोन वाढवावेत आणि त्यांच्या बेरजेसमोर औषधे छापावीत: दोन गुणांना ही दोन, तीन-चारला ही तीन. खाली बचावाच्या औषधाचे नाव, ते वेगळ्या वर्गातले असावे, आणि ते देण्याची परवानगी सिस्टरना आधीच दिलेली असावी, म्हणजे रात्रीची फोनाफोनी टळेल. बाहेरून येणाऱ्या भूलतज्ज्ञाला वेळ नसतो हे अगदी मान्य. पण हाच उपाय त्याचा वेळ वाचवणारा आहे, कारण तो निघून गेल्यावरही त्याचा निर्णय वॉर्डात काम करत राहतो.

याच्या जोडीला एक बदल परिचारिकांच्या तक्त्यात हवा. नाडी, रक्तदाब, ताप, लघवी यांचे रकाने असतात, बऱ्याच ठिकाणी आता शून्य ते दहा असा वेदनेचाही असतो. मळमळीचा नसतो. उलटी दिसते म्हणून निदान तिची नोंद होते; मळमळ दिसत नाही, आणि रुग्णही ती बोलून दाखवत नाही, कारण भूल उतरताना उलटी व्हायचीच, पोट साफ होतेय, अशी त्याची आणि घरच्यांची समजूत असते. ही समजूत चुकीची आहे, आणि ती मोडायचे काम डॉक्टरांचे आहे. ज्याची नोंद नाही त्याचा हिशेब नाही. आपल्या रुग्णालयात किती जणांना हा त्रास झाला, हे विचारले तर बहुतेक शल्यविशारदांना सांगता येणार नाही, आणि म्हणूनच त्यांना तो किरकोळ वाटत राहतो. वेदना विचारताना त्याच दमात ‘मळमळतंय का?’ एवढे विचारले आणि आकडा लिहिला, तर महिन्याभरात चित्र स्पष्ट होईल. त्यात काही यंत्रसामग्री लागत नाही. इंजेक्शन येईपर्यंतच्या दोन मिनिटांत आयसोप्रोपिल अल्कोहोलने भिजवलेली साधी पट्टी, जी टोचण्यापूर्वी कातडीवर फिरवतात तीच, नाकाजवळ धरून खोल श्वास घ्यायला लावल्याने मळमळ लवकर हटते, असे आपत्कालीन कक्षांतील चाचण्यांत दिसले आहे. असा उपाय सिस्टरच्या खिशात असतो, पण कोणी विचारलेच नाही तर तो तिथेच राहतो.

आणि हा विषय वॉर्डाच्या दारात संपत नाही, हेही लक्षात घ्यायला हवे, कारण शस्त्रक्रिया करून त्याच दिवशी किंवा दुसऱ्या सकाळी घरी पाठवण्याचा कल वाढतो आहे. अमेरिकेत अशा २,१७० रुग्णांचा पाठपुरावा केला, तेव्हा रुग्णालयातून निघण्यापूर्वी सुमारे २० टक्क्यांना आणि घरी गेल्यानंतरच्या दोन दिवसांत ३७ टक्क्यांना मळमळ किंवा उलटी झाल्याचे २०१२ साली प्रसिद्ध झाले. घरी ना शिरेत सुई, ना सिस्टर. मुंबईहून शस्त्रक्रिया करून चिपळूणला किंवा पुण्याहून साताऱ्याला गाडीने निघालेल्या, आधीच गाडी लागणाऱ्या बाईची अवस्था काय होत असेल, याची कल्पना करता येते. डिस्चार्ज कार्डावर वेदनेच्या गोळ्या सकाळ-दुपार-रात्र अशा लिहिलेल्या असतात. ज्यांचे गुण तीन किंवा चार आहेत, त्यांच्या कार्डावर जिभेवर विरघळणारी ओंडान्सेट्रॉनची गोळी लिहावी आणि निघण्याआधी एक द्यावी. ट्रॅमाडॉल असलेली गोळी घरी पाठवायची असेल तर आधी वॉर्डातच तिचा एक डोस देऊन पाहावा. आणि उलट्यांमुळे बारा तास पाणी टिकले नाही तर कोणाला फोन करायचा, तो क्रमांक कार्डाच्या पहिल्या पानावर, नातेवाइकाला वाचता येईल अशा अक्षरात असावा.